हळदीचं झाकण

योखनचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या लाइटवार्टेमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये होते आणि डिझेल जनरेटरची ठरलेली चाचणी चालू होती. चाचणीच्या वेळी मी फोन घेत नाही हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. योखनलाही माहीत होतं. म्हणून स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तेव्हाच मी काय ते समजले. जनरेटरनं लोड उचलला, आकडे स्थिर झाले, शेजारच्या सहकाऱ्याला खूण केली आणि बाहेर जिन्यापाशी जाऊन मी उलट फोन लावला. उज्ज्वला सकाळी गेली, तो म्हणाला. शांतपणे गेली, खिडकी उघडी होती. मग जरा थांबून त्यानं विचारलं, रात्री झोपलीस का? आणि जेवलीस का? मला कळेचना, ज्याची बायको आत्ता गेली आहे तो माणूस मला माझ्या झोपेचं का विचारतोय… तर तिनंच सांगून ठेवलं होतं. सविताला ही बातमी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळता कामा नये, तू स्वतः फोन कर, आणि सांगून झालं की हे दोन प्रश्न विचार. योखन जर्मन, निवृत्त शाळामास्तर. दिलेला गृहपाठ त्यानं पुरा केला.

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. उज्ज्वलाताई माझ्या कोण होत्या हे सांगायचं तर आधी माझं सांगावं लागतं, आणि ते मी न लाजता सांगते. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. मला स्किझोफ्रेनिया आहे. ही दोन वाक्यं एकाच बाईबद्दल आहेत हे ऐकून लोक गडबडतात, तर गडबडू देत. बार्शीच्या मार्केट यार्डात माझे वडील, अण्णा, हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी चढले, पुढे ड्रेस्डेनला येऊन मास्टर्स केलं आणि इथल्या एका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात वीजपुरवठ्याचं काम बघायला लागले. चिपच्या कारखान्यात नुकसान व्हायला वीज जायची गरज नसते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत व्होल्टेज जरासं खाली आलं तरी आत चाललेला माल खराब होतो. ते खाली येऊ नये, आणि आलंच तर कुणाला कळू नये, हे आमचं काम. मला ते काम आवडतं. अभिमान वाटतो म्हटलं तरी चालेल.

मुलगी, गार्गी, शाळेत जायला लागली त्या सुमाराला पॅनेलवरचे आकडे माझ्याबद्दल काहीतरी बोलतायत असं मला वाटायला लागलं. आधी गंमत वाटली, मग भीती. मी जेवेना, झोपेना. नवरा, महेश, याच्याच कंपनीतले लोक आपल्या फ्लॅटची मोजमापं घेऊन गेलेत असं मी त्याला पटवून द्यायला लागले. शेवटी महेशनं मला इस्पितळात नेलं. तिथे निदान झालं. बरी होऊन घरी आले, म्हणजे आवाज थांबले, पण डोकं ओल्या वाळूसारखं जड झालं होतं. बार्शीला भावकीत एकच बोलणं सुरू झालं: पोरीला लई शिकवलं, त्यानं डोकं फिरलं. अण्णा फोनवर गप्प गप्प असायचे. मला आजाराचं जेवढं दुःख नव्हतं तेवढं त्या एका वाक्याचं होतं. मी परत त्या कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले नाही, तर ते वाक्य खरं ठरणार होतं. कायमचं. आणि आमच्या घरातल्या माझ्या मागच्या मुलींसाठीही.

अशा दिवसांत इस्पितळातल्या फलकावर एक कागद दिसला. इथल्या एका संशोधन संस्थेला या आजाराच्या बायका हव्या होत्या, मुद्दाम बायकाच. एमआरआयच्या यंत्रात मेंदूतली ऊर्जा कशी तयार होते आणि कशी खर्च होते ते मोजणार होते. ऊर्जा हा शब्द वाचून मी नाव दिलं. आपल्याच खात्यातलं काम आहे असं वाटलं. सूचना साध्या होत्या: आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही, कारण रक्तही घेणार. ठरलेली तारीख मी पंचांगात बघितली तर नेमकी संकष्टी. मग काय, मी निर्धास्त. तसाही उपासच आहे म्हणून सकाळी सहाला साबुदाण्याची खिचडी केली, कूट सढळ हातानं घातलं, वर दही घेतलं आणि ट्राम पकडली.

तिथे कातारीना नावाची तरुण संशोधक होती. तिनं विचारलं, पोट रिकामं आहे ना? मी म्हटलं, हो. तिनं बोटातून थेंब काढून साखर बघितली. परत बघितली. मग अगदी सभ्यपणे विचारलं, नक्की काही खाल्लं नाहीत? मी जरा तापलेच. म्हटलं, आज माझा धार्मिक उपवास आहे, मी खोटं कशाला बोलू? ती बिचारी कुणाला तरी बोलवायला गेली. थोड्या वेळानं पिकलेले आखूड केस, पांढरा कोट आणि पायात धावायचे बूट अशी एक बाई आली. माझ्या कागदावरचं नाव बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, "आज चतुर्थी. खिचडी खाऊन आलीस ना?"

मी म्हटलं, "उपास आहे माझा."

"हो गं. कूट किती घातलं होतंस?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी तोंडावर हात ठेवला. त्या हसल्या नाहीत, निदान माझ्यासमोर नाहीत. कातारीनाला जर्मनमध्ये समजावून सांगितलं की आमच्याकडे उपवासाच्या दिवशी बटाटा, साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप खातात, त्यामुळे या बाई अगदी खरं बोलतायत. कातारीनानं विचार केला आणि विचारलं, मग उपवास नसतो त्या दिवशी काय खाता? तेव्हा मात्र आम्ही दोघी हसलो. इतक्या महिन्यांनंतर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले होते, आणि ते माझ्या लक्षात आलं तसं त्यांच्याही लक्षात आलं असावं. तपासणी अर्थातच त्या दिवशी झाली नाही. पुढे मला दुसरी तारीख आली तेव्हा सूचनांच्या कागदात एक नवं वाक्य होतं: धार्मिक उपवासात चालणारे पदार्थ हेसुद्धा अन्न आहे, ते खाऊ नयेत. जर्मनीतल्या संशोधनाला माझं हे पहिलं योगदान.

दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं. यंत्रातून बाहेर आले तर त्याच बाई, उज्ज्वलाताई, दाराशी उभ्या. उपाशी आलेल्या बाईला इथे कोरडा ब्रेड देतात तो मला बघवत नाही, म्हणाल्या, आणि मला त्यांच्या टेक्युशेमध्ये, म्हणजे चहाच्या खोलीत घेऊन गेल्या. डब्यात खिचडी होती. गोड. मी पहिला घास खाल्ला आणि बोलून गेले, खिचडीत साखर फक्त पुण्यातच घालतात. त्या म्हणाल्या, आणि मिरच्यांचा खर्डा करून त्यात चवीपुरता साबुदाणा फक्त सोलापूर जिल्ह्यात. अशी आमची ओळख झाली. पुढे कितीही जवळीक झाली तरी त्या मला अगं-तुगं करायच्या आणि मी त्यांना अहो ताई. खिचडीचं भांडण मात्र बरोबरीच्या नात्यानं चाललं.

त्या दिवशी जाता जाता त्यांनी मला त्यांची प्रयोगशाळा दाखवली. रक्त यंत्रात फिरवून झालं की वरचं पाणी बोटाएवढ्या नळ्यांत भरून गोठवून ठेवतात. त्या नळ्यांना झाकणं दोनच रंगांची, पिवळी आणि काळी. पिवळी बायकांच्या नमुन्यांची, काळी पुरुषांच्या. उंदरांचंही तसंच, मादीचं पिवळं, नराचं काळं. गुलाबी-निळं करणं त्यांना बावळटपणाचं वाटायचं, म्हणून त्यांनी हळद आणि बुक्का घेतला होता, आणि शब्दही तेच ठेवले होते. सगळ्या खोलीत गोरी गोरी मुलं 'हाल्डी' आणि 'बुका' म्हणत कामं करत होती. एका पेटीत दोन्ही रंग ठेवायचे नाहीत, हा तिथला नियम. चुकून ठेवले तर त्या दिवशी सगळ्यांना केक आणायचा.

मी विचारलं, एवढं सोवळं कशाला? तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या दुसऱ्या एका शहरात कामाला होत्या. तिथे सगळे प्रयोग नर उंदरांवर. माद्यांचं चक्र असतं, त्यानं आकडे हलतात, मग निष्कर्ष स्वच्छ येत नाही, म्हणून माद्या नंतर बघू, असं त्यांचे साहेब म्हणायचे. ते नंतर कधी आलंच नाही. शेवटी ताईंनी हट्टानं माद्या घेतल्या, तर मेंदूच्या पेशी ऊर्जा बनवतात त्यात नरांमध्ये जे दिसत होतं ते माद्यांमध्ये तसं दिसेना. दुसरंच काही दिसे. साहेब म्हणाले, दोन्हींची सरासरी काढा. सरासरी काढली तर काहीच उरलं नाही, सपाट रेघ. "एकाचं वर, एकीचं खाली, मध्ये शून्य," ताई म्हणाल्या. "आणि त्या शून्याला ते निष्कर्ष म्हणत होते. मी म्हटलं, माणसांमध्येसुद्धा हा आजार पुरुषांना बहुतेक लवकर गाठतो, बायकांना बऱ्याचदा उशिरा, काहींना तर पाळी जायच्या सुमाराला. हे डॉक्टरांना केव्हापासूनचं माहीत आहे. मग आतली यंत्रणा एकच असेल हे गृहीत का धरायचं?"

तुमच्या घरी कुणाला हा आजार होता का, असं त्यांना सगळे विचारायचे. मीही विचारलं. नाही, म्हणाल्या. मला कुतूहल होतं. बाईला नुसतं कुतूहल असलेलं लोकांना पुरत नाही, काहीतरी दुःख लागतं… हे त्या किंचित वैतागून म्हणाल्या. मला तो वैताग फार आवडला. मलाही कॉलेजात हेच विचारायचे, तू इलेक्ट्रिकल का घेतलंस, घरात कुणी आहे का त्यातलं?

मग मी त्यांच्या घरी जायला लागले. एल्ब नदीच्या पलीकडे चढावर त्यांचा फ्लॅट. स्वयंपाकघरात एक लांब टेबल, त्याच्या एका टोकाला योखनची वर्तमानपत्रं, दुसऱ्या टोकाला ताईंचे कागद, मध्ये जागा माझी. माझ्या तपासणीबद्दल तिथे बोलायचं नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. तुझी नळी कुठली ते मला कळत नाही आणि कळता कामा नये, त्यावर नुसते आकडे असतात, तेव्हा तू माझ्याकडे खिचडी खायला येतेस, निकाल विचारायला नाही. ठीक. पण मेंदूबद्दल बोलायला बंदी नव्हती. एकदा त्यांनी विचारलं, तुला आतून नेमकं कसं वाटतं? इस्पितळातले प्रश्न नकोत, तुझ्या शब्दांत सांग.

मी म्हटलं, ताई, आमच्याकडे बार्शीला उन्हाळ्यात व्होल्टेज पडायचं. वीज गेली असं म्हणता यायचं नाही, कारण दिवा लागलेला असायचा. लालसर, मिणमिणता, पण लागलेला. गिरणी मात्र चालायची नाही. मोटर नुसती घूं करायची आणि तापायची. बाया दळणाचे डबे घेऊन रांगेत बसून राहायच्या आणि गिरणीवाला सांगायचा, लाईट आहे, पण जोर नाही. माझं तसं झालंय. लोकांना दिवा दिसतो, म्हणून ते म्हणतात बरी आहेस की. पण गिरणी चालत नाही.

त्यांनी समोरचा एक कागद ओढून त्यावर काहीतरी खरडलं. मग म्हणाल्या, "हे मी वापरू का?" मी म्हटलं, वापरा की. त्या म्हणाल्या, तुझं म्हणून वापरीन. आणि लगेच, त्यांच्या सवयीप्रमाणे, मला जमिनीवर आणलं. हा आजार म्हणजे नुसता ऊर्जेचा तुटवडा असं समजू नकोस. मेंदू शरीराच्या मानानं एवढासा, पण खातो भरपूर, आणि या आजारात त्या खाण्या-पचवण्यात काहीतरी बिघडलेलं दिसतं. ते कारण आहे की परिणाम, ठाऊक नाही. बायकांत वेगळं का, तेही पूर्ण ठाऊक नाही. ही एक वाट आहे, मी तिच्यावर चालतेय. त्यांच्याइतक्या वेळा आणि त्यांच्याइतक्या सहज 'ठाऊक नाही' म्हणणारं शिकलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. त्या काळात मला भेटणाऱ्या प्रत्येकाला माझं काय चुकलं ते ठाऊक होतं. फक्त या बाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्याजवळ बसलं की बरं वाटायचं.

अण्णांचा फोन आला तेव्हा मी त्याच टेबलाशी होते. मी ताईंच्या हातात फोन दिला. अण्णा आधी संकोचले, पण ताईंनी मी सविताची इकडची बहीण असं सांगितल्यावर त्यांनी मनातलं विचारलं. "ताई, लई शिकवलं म्हनून झालं म्हनत्यात लोकं. खरंय का?"

"अण्णा, शिकून हा आजार होत असता तर मी आत्ता इस्पितळात असते," ताई म्हणाल्या. "मी तिच्याहून जास्त शिकलेय."

अण्णा हसले. मग म्हणाले, "मंग कशानं झालं?"

"ते शोधण्यातच माझी सगळी नोकरी गेली. पुरतं कळलेलं नाही अजून. पण शिकल्यानं नाही, एवढं कळलंय."

ती माघारी कामाला जाईल का, हे अण्णांनी सगळ्यात शेवटी विचारलं. ताई म्हणाल्या, सांगता येत नाही. पण तिला जायचंय, आणि ती हट्टी आहे. अण्णा म्हणाले, ते मला ठावं हाय. त्या एका फोनचं मोल काय ते भावकीत राहिलेल्या माणसालाच कळेल. पुढच्या वेळी कुणी ते वाक्य बोललं तेव्हा अण्णांनी त्याला यार्डातच ऐकवलं, जर्मनीच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते.

पण कामावर जाणं तेवढ्यावर होणार नव्हतं. माझे डॉक्टर, वयानं माझ्याएवढेच आणि चांगले गृहस्थ, त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. अधूनमधून त्रास वर येतोय, तेव्हा गोळीचं प्रमाण वाढवू. आणि कंट्रोल रूमचा हट्ट सोडून आजारपणाच्या पेन्शनचा अर्ज करायचा का, तेही बघू. वाढवलेल्या गोळीनं काय होतं ते मला माहीत होतं. महिनाभर धुकं. त्या धुक्यात मी पॅनेलसमोर बसू शकत नव्हते आणि कुणी बसवलंही नसतं. म्हणजे एका सहीनं सगळं संपणार होतं. मी ताईंकडे जाऊन रडले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, त्रास वर येतो तो केव्हा? मी म्हटलं, पाळीच्या आधीचे काही दिवस. दर वेळी. बाकी महिना मी ठीक असते.

"हे डॉक्टरला सांगितलंस?"

"पुरुष डॉक्टर आहेत, ताई. आणि त्यांनी विचारलंही नाही."

"तू ट्रान्सफॉर्मर बघायला जातेस तेव्हा कुठलं रीडिंग लाजून झाकून ठेवतेस?"

मग त्यांनी मला बजावलं की गोळी स्वतःहून कणभरसुद्धा कमी-जास्त करायची नाही. मी उंदरांची डॉक्टर आहे, तुझी नाही, माझ्याकडून औषधाचा सल्ला मिळणार नाही. पण तुझ्याबरोबर येते आणि एक शब्द बोलत नाही. आणि खरंच, त्या भेटीत त्या माझ्या शेजारी मांडीवर पर्स ठेवून देवळात बसल्यासारख्या बसल्या. नाव सांगितलं असतं तर डॉक्टर उभे राहिले असते, त्या क्षेत्रात त्यांना ओळखत नाही असं इथे कोण होतं? पण त्यांनी नुसतं फ्रॉइंडिन, मैत्रीण, एवढंच सांगितलं. बोलले ते मी. माझ्या जर्मनमध्ये, व्याकरणाची पर्वा न करता. म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी एका कारखान्याची वीज सांभाळते. माझ्या पॅनेलवर महिन्यातल्या ठरावीक दिवसांत व्होल्टेज पडत असेल आणि बाकी दिवस नीट असेल, तर मी महिन्याची सरासरी काढून सगळ्या महिन्याचा पुरवठा बदलू का? की त्या दिवसांत काय होतं ते आधी बघू? डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. किती दिवसांपासून असं होतंय ते विचारलं, मग आणखी विचारलं, आणि शेवटी म्हणाले, हे आम्ही विचारायला हवं होतं. त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंशी बोलून, मला वरचेवर तपासत, माझ्या उपचाराची नवी घडी बसवली. त्याला कित्येक महिने लागले, एकदोनदा मागेही आलो. नेमकं काय बदललं ते मी इथे लिहीत नाही, कारण ते माझ्यापुरतं आहे आणि कुणी वाचून आपल्या गोळ्यांना हात लावू नये. लिहिण्यासारखं एवढंच की धुकं विरळ झालं. आणि पेन्शनचा तो कागद डॉक्टरांनी स्वतःहून बाजूला ठेवला. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, गप्प बसायचे किती कष्ट पडतात गं.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी संस्थेत त्यांचं भाषण होतं. महेश, गार्गी आणि मी मागच्या रांगेत बसलो होतो. भाषण अवघड होतं, मला निम्मं कळलं. मध्येच त्यांनी पडद्यावर एका पिठाच्या गिरणीचं चित्र दाखवलं आणि दिवा लागतो पण जातं फिरत नाही, ही माझी गोष्ट जर्मनमध्ये सांगितली. म्हणाल्या, ही कल्पना माझी नाही, चिपच्या कारखान्याची वीज सांभाळणाऱ्या एका इंजिनिअरबाईंची आहे. इंजिनिअर म्हणाल्या त्या. पेशंट नाही. त्या वेळी मी आजारपणाच्या रजेवर होते, कारखान्याच्या फाटकाशी कितीतरी दिवसांत गेले नव्हते, आणि या बाईंनी भरल्या सभेत मला माझ्या हुद्द्यानं हाक मारली होती. गार्गी माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मामा, दास बिस्ट डू." आई, ही तूच आहेस. मी म्हटलं, हो. मीच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी कामावर रुजू झाले. आजारपणानंतर हळूहळू कामावर परतण्याची इथे सोय आहे, आधी थोडे तास, मग जास्त. तिला वीडरआइनग्लीडरुंग म्हणतात. ताई म्हणाल्या, तो शब्द उच्चारून होईपर्यंत तुझी पहिल्या आठवड्यातली शिफ्ट संपेल. पहिल्या दिवशी पॅनेलसमोर बसले आणि आकड्यांकडे बघितलं. ते नुसते आकडे होते. माझ्याबद्दल एक अवाक्षर बोलत नव्हते. मी तिथूनच ताईंना तेवढाच निरोप पाठवला: आकडे गप्प आहेत. त्यांनी उलट लिहिलं: जेवलीस का?

या वर्षी त्यांच्याच पोटात आजार निघाला, आणि निघाला तो पुढे गेलेला. त्यांनी आकडे मागवून घेतले, वाचले आणि योखनला सांगितलं की यातलं मला सगळं कळतं, पहिल्यांदाच 'ठाऊक नाही' म्हणायची सोय नाही. मी जायची तेव्हा त्या खिडकीशी पलंगावर असायच्या. योखन खिचडी करायला शिकला होता. म्हणजे शिकत होता. व्हिएतनामी दुकानातला साबुदाणा तो आपल्या साबुदाण्यासारखा भिजवायचा आणि दर वेळी त्याचा चिकट गोळा व्हायचा. ताईंना तेव्हा घोट-दोन घोट पाण्यापलीकडे जात नव्हतं, पण त्या उशीवरून त्याला सूचना द्यायच्या आणि तो प्रत्येक सूचनेला गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून परत तसाच गोळा करून आणायचा. मीच तो खायची. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं की आमच्या तपासणीची दुसरी फेरी कातारीना चालवते आहे. त्याच बायका पुन्हा बोलावणार, मधल्या वर्षांत काय बदललं ते बघायला. मी नसेन, त्या म्हणाल्या, अगदी पुढच्या ट्रामची वेळ सांगावी तशा. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तू जा. आणि खिचडी खाऊन जाऊ नकोस."

मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. सूचनांच्या कागदात ते वाक्य अजून आहे. धार्मिक उपवासात चालणारे पदार्थ हेसुद्धा अन्न आहे. ते फक्त माझ्यासाठी लिहिलंय हे तिथे आता कातारीनाशिवाय कुणाला माहीत नाही. मी खरोखर उपाशी गेले होते, कडकडीत. रक्त घ्यायला एक नवी मुलगी होती, गेल्या महिन्यात लागलेली, ताईंना तिनं कधी बघितलेलं नाही. तिच्या ताटलीत छोट्या रिकाम्या नळ्या मांडलेल्या होत्या. तिनं माझ्या कागदाकडे बघितलं, स्वतःशीच 'हाल्डी' म्हणाली आणि पेटीतून मूठभर पिवळी झाकणं काढली. मी विचारलं, हाल्डी म्हणजे काय? ती म्हणाली, माहीत नाही, इथे असंच म्हणतात, बायकांचे नमुने वेगळे ठेवायचे असतात ना. मी तिला सांगितलं हळद म्हणजे काय ते. स्वयंपाकात घालतात, जखमेवर लावतात, आणि घरी आलेल्या बाईला निघताना कपाळावर बोट टेकवून लावतात. तिनं ते झाकण जरा उजेडाकडे धरून बघितलं. या तपासणीतून काही निघायला वर्षं लागतील, आणि जे निघेल ते मला उपयोगी पडेलच असं नाही. पण कधीतरी एखाद्या मुलीचे आकडे वर-खाली होतील तेव्हा तिची सरासरी काढायच्या आधी कुणीतरी थांबेल. तेवढ्यासाठी मी यंत्रात पडून राहायला तयार आहे, बोलावतील तितक्या वेळा.

बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर योखन बसला होता, मांडीवर ताईंचा तो स्टीलचा डबा. कातारीनानं त्याला तारीख सांगितली होती. झाकण न उघडताच मला कळलं की गोळाच आहे, कारण डबा हलवला तरी आतून काही आवाज येत नव्हता. या वेळी साखर घातली नाही, तो म्हणाला, तुझ्या पद्धतीनं मिरची घातलीय. उजूला आवडलं नसतं. मग त्यानं चष्मा पुसला आणि मला विचारलं, "झोपलीस?"

"झोपले."

"जेवलीस?"

"अजून नाही," मी म्हटलं, आणि डबा उघडला.